मधले बारा फेरे

वाळूजला, रात्रपाळीत, तीन नंबरच्या चाचणी खोलीत
काचेपलीकडे इंजिन बांधलेलं असतं
आणि अलीकडे मी, दैवशाला घोडके,
कानावर पिवळे कप, पुढ्यात चार पडदे.

इंजिनाला आम्ही दोन चाली शिकवल्यात.

पहिली थंड. इंधन आधीच सोडायचं,
एकदा जळून गेलेली हवा निम्म्याच्या वर परत आत घ्यायची;
सगळं नीट कालवून होईस्तोवर आग थांबते,
मग एकदम, सगळीकडून, फारसा उजेड न करता पेटते.
काजळी नाही. नायट्रोजनचे ऑक्साइड नावापुरते.
(अर्धकच्चा वास मात्र मागे राहतो, नुकत्या विझवलेल्या
स्टोव्हचा. म्हणून तिलाही अगदी गरीब समजू नये.)

दुसरी आपली जुनी. फवारा आत जाता जाता पेटतो,
कडेला लखलखीत, पोटात काळा.
उसाच्या दोन ट्रॉल्या ओढायच्या तर हीच लागते,
थंड चाल ओझं बघूनच हात टेकते.

दोन्ही मला पाठ आहेत.
अडतं ते मध्ये.

हुकूम दिला की इंधन त्याच फेऱ्यात ऐकतं.
हवा ऐकत नाही.
नळीत अजून मघाचीच भरलेली असते,
ती सरता सरता दहा-बारा फेरे जातात.
पंधराशेच्या गतीला बारा फेरे
म्हणजे पुरता एक सेकंदही नाही.
तेवढ्यात थंडीतून जुनीकडे जाणारं इंजिन
श्वास अपुरा पडून काळं ओकतं,
आणि उलट येताना ताजी हवा जास्त होऊन
असा ठोका देतं की काच थरथरते,
ऑक्साइडची रेघ उभी उडी मारते
आणि काही झालंच नाही अशी पुन्हा सरळ चालू लागते.

सेलूला रेल्वे फाटकाजवळ मुनाफचाचांचं
पंप-नोझलचं दुकान होतं. मामाच्या ट्रॅक्टरबरोबर मी जायची.
चाचा सायलेन्सरपुढे पांढरा रुमाल धरायचे,
नाकाशी नेऊन हुंगायचे.
‘चढाव पो नको देख बेटी, चढाव पो सबीच काले.
गेर पडते वखत देख.’

आमच्या यंत्रातही रुमालच आहे, कागदाचा,
ते धुराचा एक घोट घेतं आणि डाग दाखवतं.
एका घोटात एक बदल त्याला दिसेचना.
मग मी एका घोटात तीस वेळा चाल बदलली.
तेव्हा कुठे उमटला:
पाटी पुसल्यावर तळहाताला राहतो तेवढा करडा.

संगेवार साहेब म्हणाले, सरासरीत बसतंय, सोडा.
तक्त्यात थंड चालीचा रकाना आहे, जुनीचा आहे.

साडेतीनला आईचा फोन. तिला झोप नसते.
हातातल्या वॉकीवर मी ‘तापमान मर्यादेत आहे, सर’ म्हणत होते,
ते संपवून फोन कानाला लावला
आणि तोंडातून काहीच निघेना.
‘बोल की माय. कामून गप झालीस?’
‘व्हय. जेवले मी.’

दुसऱ्या रात्री इंधनाला सांगून पाहिलं, थांब.
पायरी नको, उतार कर,
हवेच्या पावलानं चल.
ठोका मऊ झाला.
डिझेल थोडं जास्त गेलं, ते मी लिहिलं.

दोन्ही रात्रींचे कागद डाव्या समासात डिंकानं लावले,
खाली वेळ टाकली.
दुसरा डाग फिकट आहे.
आहे, पण.